सांध्यांसाठी तेल : मात्रेचा प्रश्न



राजर्षी शाहू महाराजांनी १८९५ साली कोल्हापुरात शाहूपुरी ही पेठ वसवली ती व्यापारासाठी. गुळाचे रवे, अडत, वजनकाटे यांच्या भोवती ही वस्ती वाढली. माल कोणता, वजन किती, प्रत कशी, हे विचारल्याशिवाय इथे सौदा होत नाही. आज मी ज्या मालाबद्दल बोलणार आहे तो याच पेठेतल्या औषधांच्या दुकानांत रोज विकला जातो आणि घेणारा हे प्रश्न सहसा विचारत नाही. माशाच्या तेलाच्या कॅप्सूल, जवसाचे तेल, ‘ओमेगा-३’ असे मोठ्या अक्षरांत छापलेल्या बाटल्या. सांधे धरलेली बाई किंवा तिचा मुलगा ती बाटली मोठ्या आशेने घरी नेतो. त्या आशेत तथ्य किती आणि ते कोणत्या अटींवर, एवढेच मला आज सांगायचे आहे.

आपल्याकडे गुडघा झिजला तरी संधिवात आणि युरिक अ‍ॅसिड वाढले तरी संधिवात. मी बोलतो आहे तो रूमॅटॉइड आर्थ्रायटिस, ज्याला पुष्कळ लोक आमवात म्हणतात. यात शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर चालून जाते. ते अस्तर सुजते, जाड होते, आणि उपचार झाला नाही तर शेजारचे कूर्चा व हाड खाऊ लागते. बहुधा दोन्ही हातांच्या बोटांचे लहान सांधे आणि मनगटे आधी धरतात. पुरुषांपेक्षा बायकांना हा आजार सुमारे तिप्पट होतो, आणि तोही ऐन संसाराच्या वयात. दवाखान्यात येणारी बाई रोगाचे नाव सांगत नाही. ती म्हणते, “सकाळी मूठ वळत नाही ओ. भाकरी थापता येत नाही. धुणं पिळता येत नाही.” ऊन वर आले की हात थोडे सुटतात, म्हणून घरच्यांना वाटते की हिला सकाळच्या कामाचा कंटाळा आहे. हा संशय तिला दुखण्याइतकाच छळतो.

हा आजार दुर्मिळ आहे असेही कोणी समजू नये. पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या भिगवण गावात १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या एका कार्यक्रमाखाली घरोघर जाऊन सांधेदुखीची पाहणी सुरू केली. ग्रामीण महाराष्ट्रातले दुखणे दवाखान्यात बसून न मोजता उंबऱ्यावर जाऊन मोजले गेले, म्हणून मला या कामाचे फार मोल वाटते. तिथल्या प्रौढांपैकी सुमारे १८ टक्के लोकांना हाडे, सांधे किंवा स्नायू यांचे काही ना काही दुखणे होते, आणि रूमॅटॉइड आर्थ्रायटिस सुमारे अर्ध्या टक्क्यात आढळला. म्हणजे दोनशे प्रौढांत एक. २०११ च्या जनगणनेनुसार कोल्हापूर जिल्ह्याची लोकसंख्या ३८ लाखांवर होती. त्यात प्रौढ २५ लाख धरले आणि भिगवणचे प्रमाण इथे लावले, तर हा आकडा बारा हजारांच्या पुढे जातो.

आता तेलाकडे वळू. खाल्लेले तेल नुसते जळण म्हणून वापरले जात नाही. त्यातली काही स्निग्धाम्ले पेशींच्या आवरणात जाऊन बसतात आणि गरज पडली की शरीर त्यांच्यापासून संदेश देणारी रसायने बनवते. करडई, सूर्यफूल, सोयाबीन, शेंगदाणा यांच्या तेलांत लिनोलेइक आम्ल असते. हे ओमेगा-६ कुळातले. त्यापासून शरीरात अ‍ॅराकिडोनिक आम्ल तयार होते. मांस आणि अंड्यांतून ते थेटही मिळते. या अ‍ॅराकिडोनिक आम्लापासून प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन बनतात. सांध्याची सूज, लाली आणि ठणका यांत त्यांचा मोठा हात असतो. जॉन व्हेन यांनी १९७१ साली दाखवून दिले की अ‍ॅस्पिरिन काम करते ते प्रोस्टाग्लँडिनची निर्मिती रोखून. या क्षेत्रातल्या कामासाठी त्यांना सूने बेर्गस्ट्रॉम आणि बेंग्ट सॅम्युएलसन यांच्यासह १९८२ चे नोबेल मिळाले. आपण घेतो त्या बहुतेक वेदनाशामक गोळ्या याच वाटेवर अडसर घालतात.

समुद्री माशांच्या तेलात ओमेगा-३ कुळातली दोन आम्ले असतात, ईपीए आणि डीएचए. ईपीए पेशींच्या आवरणात अ‍ॅराकिडोनिक आम्लाची जागा घेते. मग जी प्रोस्टाग्लँडिन आणि ल्युकोट्राइन बनतात ती सूज आणण्यात पुष्कळच दुबळी असतात. बोस्टनमध्ये चार्ल्स सेर्हान यांनी या शतकाच्या सुरुवातीला याच आम्लांपासून बनणारी ‘रिझॉल्व्हिन’ नावाची द्रव्ये शोधली. पेटलेली सूज आवरती घेण्याचे काम ती करतात. हा अदलाबदलीचा व्यवहार सावकाश होतो. पेशींची आवरणे बदलायला आठवडे लागतात, म्हणून माशाचे तेल आज घेतले आणि उद्या बोटे सुटली असे होत नाही. दोन-तीन महिने थांबावे लागते. पंधरा दिवसांत “काही फरक नाही” म्हणून बाटली बाजूला ठेवणाऱ्याने ती खरे म्हणजे वापरलेलीच नसते.

सांध्यांसाठी तेल पोटात घ्यावे ही कल्पना जुनी आहे. आपल्याकडे माधवनिदानात आमवाताचे स्वतंत्र वर्णन आहे, आणि पुढच्या चिकित्साग्रंथांनी त्यावर एरंडेल नावाजले. एरंडेलाचे आम्ल वेगळे आणि कामही वेगळे, त्यामुळे त्याचा ओमेगा-३ शी संबंध जोडता येणार नाही. युरोपात मँचेस्टरच्या रुग्णालयात अठराव्या शतकात जुनाट वातविकारावर कॉड माशाच्या यकृताचे तेल देत असत, आणि थॉमस पर्सिव्हल यांनी १७८२ साली त्यावर लिहिलेही. तेल इतके उग्र की पुष्कळ रुग्ण ते नाकारत. शंभर-दीडशे वर्षांनी ते मुडदुसावरचे औषध म्हणून गाजले आणि सांध्यांशी असलेले त्याचे नाते मागे पडले.

ते नाते पुन्हा पुढे आले ग्रीनलंडमुळे. हान्स ओलाफ बँग आणि यॉर्न डायरबर्ग या डॅनिश संशोधकांनी १९७० च्या दशकात तिथल्या इनुइट लोकांचे रक्त तपासले. सील आणि मासे खाणाऱ्या त्या लोकांच्या रक्तात ईपीए भरपूर होते आणि अ‍ॅराकिडोनिक आम्ल कमी. त्यांचा प्रश्न हृदयविकाराचा होता. पण आम्लांचे पारडे आहाराने इतके फिरू शकते हे पाहिल्यावर सांध्यांच्या डॉक्टरांनी कान टवकारले. न्यूयॉर्क राज्यातल्या ऑल्बनी येथे जोएल क्रेमर यांनी १९८५ साली रूमॅटॉइडच्या रुग्णांवर ईपीएची चाचणी प्रसिद्ध केली आणि पुढची दहा वर्षे ते या मागावर राहिले. १९९५ च्या त्यांच्या चाचणीत मात्रा रुग्णाच्या वजनावर ठरवली होती, दर किलोमागे १३० मिलिग्रॅम. साठ किलोच्या माणसाला हे रोज पावणेआठ ग्रॅमच्या आसपास पडते. हा आकडा ध्यानात ठेवा.

त्यानंतर अनेक देशांत लहान-मोठ्या चाचण्या झाल्या. गोल्डबर्ग आणि कॅट्झ यांनी २००७ साली अशा १७ चाचण्या एकत्र मांडल्या. तीन-चार महिने ओमेगा-३ घेणाऱ्यांत दुखणे कमी झाले, सकाळचे आखडणे कमी वेळ राहिले, दुखऱ्या सांध्यांची संख्या घटली आणि वेदनाशामक गोळ्याही कमी लागल्या. लाभ माफक आहे, पण तो खरा आहे आणि पुन्हा पुन्हा दिसला आहे. नुसत्या माशाच्या तेलाने हाडाची झीज थांबते, असा पुरावा मात्र नाही. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश म्हणतो आहे, कारण पुढचे सगळे त्यावर अवलंबून आहे.

दोन चाचण्या मला विशेष महत्त्वाच्या वाटतात. पहिली स्कॉटलंडमधल्या डंडी इथली, २००८ साली प्रसिद्ध झालेली. ९७ रुग्ण, नऊ महिने, रोज १० ग्रॅम कॉड लिव्हर ऑइल किंवा त्यासारखे दिसणारे पण निष्क्रिय काहीतरी. कोणाला काय मिळते आहे हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि डॉक्टरांनाही नाही. वेदनाशामक गोळ्या हळूहळू कमी करायला सांगितले. तेल घेणाऱ्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना गोळ्या ३० टक्क्यांहून अधिक कमी करता आल्या. दुसऱ्या गटात फक्त १० टक्क्यांना. इथल्या रुग्णांच्या दृष्टीने हा निष्कर्ष सोन्यासारखा आहे. आपल्याकडे वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे चिठ्ठीशिवाय मिळतात आणि बायका वर्षानुवर्षे त्या शेंगदाण्यासारख्या खातात. जठरातला व्रण, मूत्रपिंडांवरचा ताण, वाढलेला रक्तदाब हे त्यातूनच येते. त्या गोळ्यांतली प्रत्येक तिसरी जरी टळली, तरी तेलाने आपले काम केले असे मी म्हणेन.

दुसरी चाचणी ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅडलेडची. सुझाना प्राउडमन, लेस क्लीलंड, मायकेल जेम्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आजार सुरू होऊन वर्षही न झालेले सुमारे १४० रुग्ण घेतले. सगळ्यांना मेथोट्रेक्सेट, सल्फासॅलाझिन आणि हायड्रॉक्सिक्लोरोक्विन ही तिन्ही औषधे दिली. एका गटाला त्याच्या जोडीला रोज ५.५ ग्रॅम ईपीए आणि डीएचए, दुसऱ्याला फक्त ०.४ ग्रॅम. वर्षभरात भरपूर तेल घेणाऱ्या गटात औषधे अपुरी पडण्याचे प्रमाण पुष्कळ कमी राहिले आणि आजार शांत होण्याचे प्रमाण अधिक. तेलाचा लाभ इथे औषधांच्या जोडीने मिळाला, औषधे काढून घेऊन नव्हे. आणि ज्यांना रोज ०.४ ग्रॅम मिळाले तो गट तुलनेसाठी होता. त्या मात्रेतून लाभाची अपेक्षाच धरलेली नव्हती.

आता आपल्या बाजारातली कॅप्सूल हातात घ्या. समोर लिहिलेले असते ‘माशाचे तेल १००० मिलिग्रॅम’. बाटली फिरवून मागची बारीक अक्षरे वाचा. नेहमीच्या कॅप्सूलमध्ये ईपीए १८० मिलिग्रॅम आणि डीएचए १२० मिलिग्रॅम असते. बेरीज ३००. उरलेले सातशे मिलिग्रॅम दुसरी चरबी. सांधेदुखीवर परिणाम दिसलेल्या चाचण्यांत मात्रा बहुधा दिवसाला २.७ ग्रॅम किंवा अधिक ईपीए आणि डीएचए अशी होती. ३०० मिलिग्रॅमच्या हिशेबाने रोज नऊ कॅप्सूल झाल्या. आपली ताई रोज एक घेते आहे. अ‍ॅडलेडच्या तुलनेच्या गटाला मिळत होते त्याहूनही कमी. एक कॅप्सूल घेऊन “माशाचे तेल करून बघितले, उपयोग झाला नाही” म्हणणाऱ्या रुग्णाने ते करून बघितलेले नाही. आणि त्याच एका कॅप्सूलवर “मला बरे वाटतेय” म्हणून मुख्य औषध सोडणाऱ्याचे तर मोठेच नुकसान होते.

नऊ कॅप्सूल गिळणे जड जाते आणि खर्चही वाढतो. अ‍ॅडलेडच्या मंडळींनी यावर एक साधी रीत सुचवली: बाटलीतले पातळ तेल घ्यावे, पेल्यात थोड्या फळांच्या रसावर ओतावे, ओठांना न लावता एकदम प्यावे आणि मागून पुन्हा रस घ्यावा. जेवताना घेतले तर ढेकरांना वास कमी येतो. जास्त ताकदीच्या कॅप्सूलही मिळतात. त्यांत ईपीए आणि डीएचए मिळून ५०० ते ८०० मिलिग्रॅमपर्यंत असते. कोणतीही घ्या, हिशेब या दोन अक्षरगटांच्या बेरजेचा करा. तेल खवट झाले असेल तर टाकून द्या. ही आम्ले हवेने आणि उष्णतेने लवकर बिघडतात. बाटली उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवावी, चुलीशेजारच्या फळीवर नाही.

इथे पुष्कळजण मनात म्हणत असतील, आम्ही शाकाहारी, आमचे काय? या पेठेत जैन आणि लिंगायत कुटुंबे मोठ्या संख्येने आहेत, आणि बाकीच्यांच्या घरीही सोमवार, गुरुवार, श्रावण पाळला जातो. अशा वेळी सगळे बोट दाखवतात जवसाकडे. जवस आपलाच. विदर्भात भाताच्या ओलीवर तो पेरतात, नागपूरच्या कृषी महाविद्यालयात त्याच्या वाणांवर काम चालते, पुण्याच्या भारती विद्यापीठात जवसातल्या ओमेगा-३ वर संशोधन झाले आहे. आपल्या भाकरीबरोबर जवसाची चटणी आजी-पणजीपासून आहे. जवसाच्या तेलात निम्म्याहून अधिक अल्फा-लिनोलेनिक आम्ल असते आणि ते ओमेगा-३ कुळातलेच. पण सांध्यांना हवे असलेले ईपीए त्यापासून शरीराला बनवावे लागते, आणि तो उतारा फार थोडा पडतो. शंभरातले पाच-सात भाग, कित्येकदा त्याहून कमी. डीएचए तर एक भागही बनत नाही.

या प्रश्नावर फिनलंडमध्ये एक चाचणी झाली. ती वाचताना मला सारखे आपले स्वयंपाकघर दिसत राहिले. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत रूमॅटॉइडच्या २२ रुग्णांपैकी एका गटाला तीन महिने रोज ३० ग्रॅम जवस दिला आणि दुसऱ्याला करडई. जवस आणि करडई! तिकडे ज्यांची चाचणी झाली ते आपल्याकडे सोलापुरात आणि विदर्भात पिकते. तीन महिन्यांनी सांध्यांत काही फरक पडला नाही, रक्तातल्या सुजेच्या खुणाही बदलल्या नाहीत. जवस घेणाऱ्यांच्या रक्तात अल्फा-लिनोलेनिक वाढले, पण ईपीए जिथे होते तिथेच राहिले. चाचणी लहान होती, हे खरे. तरी जवसाच्या चटणीने आमवात बरा होतो, असे म्हणायला ती आधार देत नाही.

ईपीए का वाढले नाही? लिनोलेइक आणि अल्फा-लिनोलेनिक ही दोन्ही आम्ले दळण घेऊन एकाच गिरणीवर येतात. गिरणी एकच, पाट्या दोन कुळांच्या. ज्याचे धान्य जास्त, त्याचेच पीठ जास्त निघते. आपल्या घरी फोडणी, तळण, भाजी सगळे करडई, सूर्यफूल किंवा सोयाबीनच्या तेलात चालत असेल, तर गिरणी दिवसभर लिनोलेइकच दळत बसते. करडईच्या नेहमीच्या तेलात त्याचे प्रमाण सुमारे पाऊणशे टक्के असते, सूर्यफुलात साठच्या आसपास, सोयाबीनमध्ये निम्म्याच्या थोडे वर, शेंगदाण्यात सुमारे एक तृतीयांश. अ‍ॅडलेडच्याच मंडळींनी १९९४ साली निरोगी पुरुषांवर हे उलट करून पाहिले. आहारातले लिनोलेइक कमी ठेवले, स्वयंपाकाला जवसाचे तेल दिले, आणि चार आठवड्यांत पांढऱ्या पेशींतले ईपीए अडीच पटीने वाढले. म्हणजे चटणीचा एक चमचा वाढवण्यापेक्षा कढईतले तेल बदलणे आणि कमी करणे अधिक कामाचे. शेंगदाण्याचे घाण्याचे तेल मोजून वापरावे, सोबत जवस रोज भरडून खावा. हृदयासाठी आणि पोटासाठी तो चांगलाच आहे. आमवाताचे औषध म्हणून त्याच्यावर भिस्त ठेवू नये. ज्यांना मासा वर्ज्य आहे त्यांच्यासाठी सूक्ष्म शैवालाचे तेल मिळते. माशांच्या अंगात ही आम्ले मुळात शैवालातूनच येतात, मग शाकाहारी माणसाने मधला मासा का वगळू नये? त्यातही डीएचए किती आणि ईपीए किती हे बघावे. काही तेलांत ईपीए नावालाच असते.

मासे खाणाऱ्यांसाठी आपला भूगोल उदार आहे. आंबा घाटातून रत्नागिरीचा, फोंडा आणि गगनबावड्याच्या घाटांतून मालवण-देवगडकडचा मासा कोल्हापुरात येतो. पाहुणे आले की सुरमई, पापलेट. पण ओमेगा-३ च्या बाबतीत श्रीमंत आहेत ते स्वस्तातले मासे: तारली आणि बांगडा. मालवणकडे लहान तारलीला पेडवे म्हणतात. हंगामानुसार चरबी कमी-जास्त होते. साधारण शंभर ग्रॅम तारलीत एक ग्रॅमच्या आसपास ईपीए आणि डीएचए धरावे. लहान मासा असल्याने पाऱ्याची धास्ती कमी. गोड्या पाण्यातला रोहू, कटला चवीला कितीही चांगला असला, तरी त्यात ही आम्ले थोडी. आठवड्यातून दोनदा तारलीचे तिखले खाल्ले तर दिवसाची सरासरी ०.३ ग्रॅमच्या आसपास पडते. तब्येतीला उत्तम, पण औषधी मात्रेच्या दहाव्या हिश्शाइतकेच. आणि तोच बांगडा सूर्यफुलाच्या तेलात खरपूस तळला की आपण गिरणीवर दुसरी पाटी चढवतो. कालवण करावे.

तांबड्या-पांढऱ्याच्या गावात हे बोलणे धाडसाचे आहे, तरी बोलतो. मांसात अ‍ॅराकिडोनिक आम्ल तयारच मिळते. जर्मनीत ओलाफ आडाम आणि सहकाऱ्यांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या चाचणीत अ‍ॅराकिडोनिक कमी असलेल्या आहाराने रुग्णांना थोडा आराम मिळाला, आणि त्या आहारावर असताना माशाच्या तेलाचा गुणही अधिक आला. नॉर्वेत १९९१ साली उपवास आणि त्यानंतर वर्षभर शाकाहार अशी चाचणी झाली. त्यातही पुष्कळ रुग्ण सुधारले. आमवाताच्या रुग्णाने मटण कायमचे सोडावे असे मी म्हणणार नाही. आठवड्याचे तीन वार असतील तर एक करावा, आणि रश्श्यावरचा कट मुलांनाही थोडाच वाढावा.

आणखी एका कुळाचा उल्लेख करायला हवा. इव्हिनिंग प्रिमरोझ आणि बोरेज या वनस्पतींच्या बियांच्या तेलात गॅमा-लिनोलेनिक आम्ल असते. ते ओमेगा-६ कुळातले असूनही सूज कमी करणाऱ्या बाजूला झुकते. रॉबर्ट झुरिअर यांच्या चाचण्यांत रोज १.४ आणि पुढे २.८ ग्रॅम मात्रेला सहा महिन्यांत चांगला गुण आला, पण रुग्ण थोडे होते. आपल्याकडे प्रिमरोझच्या कॅप्सूल बहुधा वेगळ्याच तक्रारींसाठी लिहून दिल्या जातात, आणि त्यांत हे आम्ल इतके कमी असते की ही मात्रा गाठायला मूठभर घ्याव्या लागतील.

आता मुख्य औषधाबद्दल. मेथोट्रेक्सेटच्या पूर्वज औषधांवर अमेरिकेतल्या लेडरले प्रयोगशाळेत ज्यांच्या नेतृत्वाखाली काम झाले ते येल्लाप्रगडा सुब्बाराव आंध्रातून गेलेले भारतीय शास्त्रज्ञ होते. रक्ताच्या कर्करोगासाठी सुरू झालेले ते औषध छोट्या मात्रेत आमवातावर किती प्रभावी आहे हे १९८५ च्या चाचण्यांनी सिद्ध केले. आज ते स्वस्त आहे, सहज मिळते, आणि हाडाची झीज रोखते. ते आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते. रोज घेतले तर जिवावर बेतते, म्हणून वार ठरवून घ्यावा आणि घरच्यांना सांगून ठेवावा. ‘कर्करोगाचे औषध’ हे शब्द कानावर पडले की रुग्ण बिथरतो, शेजारीण सांगते माशाचे तेल घे, आणि मेथोट्रेक्सेट कपाटात जाते. दोन वर्षांनी बोटे वाकडी झालेली असतात. ती वाकडी बोटे कोणत्याही तेलाने सरळ होत नाहीत. नावगाव नसलेल्या पुड्यांपासून तर चार हात लांब राहावे; अशा पुड्यांत स्टिरॉइड मिसळल्याचे देशात वारंवार उघड झाले आहे. पहिल्या आठवड्यातला जादूसारखा आराम त्याचाच असतो.

तेलाचेही धोके आहेत. मोठ्या मात्रेने मळमळ, पातळ शौच होऊ शकते. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील, शस्त्रक्रिया ठरली असेल, तर डॉक्टरांना सांगावे. २०२१ साली झालेल्या एकत्रित विश्लेषणात दिवसाला एक ग्रॅमहून अधिक ओमेगा-३ घेणाऱ्यांत हृदयाचे ठोके अनियमित होण्याचा धोका वाढलेला दिसला. ज्यांना हा त्रास आहे त्यांनी मोठी मात्रा परस्पर सुरू करू नये. कॉड लिव्हर ऑइलमध्ये जीवनसत्त्व अ भरपूर असते. गर्भवती बाईने आणि मूल हवे असलेल्या बाईने ते मोठ्या मात्रेत घेऊ नये. मेथोट्रेक्सेटही गर्भारपणात चालत नाही, हे लग्नाच्या वयाच्या मुलींना आणि त्यांच्या आयांना डॉक्टरांनी आपणहून सांगायला हवे.

औषध विक्रेते इथे बसले आहेत, त्यांना माझी हात जोडून विनंती आहे. बाटली देताना ईपीए आणि डीएचए यांची बेरीज मराठीत सांगा आणि मुख्य औषध चालू आहे ना, एवढे विचारा. गिऱ्हाईक बहुधा बाईच असते, आणि बऱ्याचदा तिला हे विचारणारे दुसरे कोणी नसते.

शेवटी एक प्रश्न, जो रुग्णांच्या मुली आईला बाहेर बसवून विचारतात: मला होईल का? हा आजार थेट वारशाने उतरत नाही, धोका मात्र थोडा वाढतो. तेलाने तो टळतो का? स्वीडनमध्ये हजारो स्त्रियांच्या दीर्घ पाहणीत, २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या, नियमित मासे खाणाऱ्यांत हा आजार कमी आढळला. पण अमेरिकेत २५,८७१ लोकांवर झालेल्या आणि २०२२ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत रोज एक ग्रॅम ओमेगा-३ पाच वर्षे देऊन स्वयंप्रतिकारी आजारांत दिसलेली घट पक्की म्हणावी इतकी भरली नाही. ड जीवनसत्त्वाची भरली. म्हणून मुलींनी खबरदारीची कॅप्सूल घ्यावी असे मी सांगत नाही. आहारात मासे असतील तर चालू ठेवावेत. धूम्रपानाने हा आजार वाढतो हे पक्के ठाऊक आहे, तेव्हा घरात विडी-सिगारेटचा धूर नको. हिरड्या जपाव्यात. आणि सकाळी उठल्यावर बोटे तासभर आखडलेली राहतात, बोटांच्या मुळाशी सूज दिसते, दोन्ही हातांना सारखेच होते, असे काही आठवडे चालले, तर घरगुती तेलात आणि पेनकिलरमध्ये वेळ घालवू नये. सीपीआर रुग्णालयात जा, आपल्या डॉक्टरांकडे जा, रूमॅटॉइड फॅक्टर आणि अँटी-सीसीपी या रक्ततपासण्या करून घ्या. त्या पहिल्या काही महिन्यांत औषध सुरू झाले, तर बहुतेक मुलींची बोटे वाचवता येतात.